बोल्ट जुळले म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर जुळला का?

‘फ्लेक्सप्लेटचे बोल्ट जुळले की कोणताही टॉर्क कन्व्हर्टर जुन्या ऑटोमॅटिक गाडीला चालतो,’ हा समज दिसायला तर्कसंगत असला तरी अपुरा आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग, आणि फ्लेक्सप्लेट म्हणजे तो जोडण्यासाठी इंजिनाच्या मागे बसवलेली पातळ चकती. हे बोल्ट कन्व्हर्टरला फक्त इंजिनाशी जोडतात. गिअरबॉक्सशी त्याचे नाते इनपुट शाफ्टच्या व स्टेटरच्या (कन्व्हर्टरमधील तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या चाकाच्या) आधारनळीच्या खाचा आणि गिअरबॉक्समधील तेलाचा पंप फिरवणारा हब, म्हणजे कन्व्हर्टरचा मधला नळीसारखा भाग, यांवर ठरते. म्हणून आधी खाचा मोजाव्यात, हबचा व्यास आणि पंपाशी अडकणारा त्याचा आकार ताडून पाहावा. लॉक-अप कन्व्हर्टरला (गरजेनुसार इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या प्रकाराला) तशी सोय असलेलाच गिअरबॉक्स लागतो. खरी कसोटी जोडणीच्या वेळी लागते: गिअरबॉक्स इंजिनाला बसवल्यावर, पण कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्यापूर्वी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याचे फ्लेक्सप्लेटपासून साधारण 3 ते 5 मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे (नेमका आकडा त्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत पाहावा). अंतर उरलेच नाही, तर हब बहुधा पंपात पूर्ण बसलेला नसतो, आणि तशा स्थितीत बोल्ट आवळल्यास पंप फुटतो.