अपघाताचं बिल नक्की कोण भरतं?

अपघाताच्या रिपोर्टमधे कारणाचा एक रकाना असतो आणि बहुतेक वेळा तिथे चालकाची चूक असं काहीतरी लिहून विषय मिटतो. ओव्हरस्पीड, दारू, मोबाईल, सिग्नल तोडला. हे खोटं नाहीये. अमेरिकेत 2005 ते 2007 मधे हजारो अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली, त्यातून 94 टक्के हा आकडा आला, म्हणजे इतक्या अपघातांत घटनांच्या साखळीतली शेवटची कडी चालकाकडे निघाली. मग हा आकडा जगभर फिरला आणि फिरता फिरता त्यातलं 'शेवटची कडी' कुठेतरी गळून पडलं, राहिलं ते एवढंच की 94 टक्के अपघात ड्रायव्हरमुळे होतात. त्या रिपोर्टमधेच स्पष्ट लिहिलंय की याला अपघाताचं एकमेव कारण समजू नका, पण तेवढं खाली जाऊन कोण वाचतंय.

कारण अपघात कशाने घडला हा एक प्रश्न, आणि तो एवढा जीवघेणा का झाला हा दुसरा.

जरा गणित करून बघा. गाडी ताशी 50 किमीने चाललीये आणि 35 मीटरवर कोणीतरी अचानक रस्त्यात आलं. डोळ्यांना दिसून, डोक्यात शिरून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, तोवर गाडी जवळपास 21 मीटर पुढे आलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही! मग कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तर थांबायला अजून 14 मीटर. झाले 35. गाडी अगदी पुढ्यात येऊन थांबते, दोन शिव्या बसतात, सगळे आपापल्या वाटेने जातात. आता तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तेच ब्रेक, फक्त वेग 60. दीड सेकंदात 25 मीटर गेले, ब्रेक मारायला उरले 10, आणि धडक बसते तेव्हा वेग असतो 42 च्या आसपास. म्हणजे आधी फरक होता 10 चा, आणि त्या माणसाच्या वाट्याला आला 42 चा मार. वेग वाढतो 20 टक्क्यांनी पण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 44 टक्क्यांनी, त्यात रिअॅक्शनच्या वेळात गेलेले जास्तीचे मीटर वेगळेच. आणि 80 ने जाताना दोन सेकंद मेसेज बघितला तर 44 मीटर तुम्ही डोळे मिटून गाडी चालवली असं धरायला हरकत नाही.

या सगळ्याकडे ऊर्जेचा प्रश्न म्हणून बघायला शिकवलं ते विल्यम हॅडन या डॉक्टरने. 1966 मधे अमेरिकेत रस्ते सुरक्षेचं सरकारी खातं सुरू झालं त्याचे ते पहिले प्रमुख. साथीचा रोग जसा तपासतात तसा त्यांनी अपघात तपासला: धडकेच्या आधी, धडकेत आणि धडकेनंतर, आणि या तिन्ही वेळी माणूस, गाडी, रस्ता यांनी काय काय केलं. असा तक्ता मांडला की लक्षात येतं की ड्रायव्हरची चूक त्यातल्या एकाच चौकोनात बसते, बाकीच्यात वळणावरचा अंधार, गुळगुळीत झालेले टायर, दुभाजकाचं टोक, अॅम्ब्युलन्सला लागलेला वेळ असलं बरंच काही असतं.

सीटबेल्ट हा मधल्या चौकोनातला, म्हणजे धडक बसतानाचा. 1959 मधे व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला आणि कंपनीने तो इतरांना वापरायला मोकळा ठेवला. त्याचं काम म्हणजे तुम्हाला गाडीशी बांधून ठेवणं, जेणेकरून गाडीचा पुढचा भाग चेपताना जो थोडा वेळ मिळतो तो तुम्हालाही मिळेल. 50 च्या वेगावरून गाडी 60 सेंटिमीटरमधे थांबली तर शरीरावर साधारण 16 जी येतात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 16 पट जोर, आणि मांडीवरचं 10 किलोचं बाळ त्या क्षणी 160 किलोच्या जोराने हातातून सुटू बघतं. घट्ट धरून ठेवीन म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा. पट्टा नसेल तर शरीर आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं आणि शेवटी डॅशबोर्डवर किंवा काचेवर काही सेंटिमीटरमधे थांबतं, मग 16 चे सहज शंभराच्या वर जातात.

आता खर्च. लोकांच्या डोक्यात खर्च म्हणजे गॅरेजचं बिल, हॉस्पिटलचं बिल, फार तर वकील. पण एखादं राज्य हिशोब करायला बसलं की यादी कुठल्या कुठे जाते. बुडालेला पगार येतो, घरातली कामं आता कोण करणार याची किंमत येते, कामावर दुसरा माणूस शोधून शिकवायचा खर्च, इन्शुरन्सचा कागदोपत्री कारभार, पोलीस, फायर ब्रिगेड, आणि मागे अडकलेल्या शेकडो गाड्यांचं जळलेलं इंधन आणि गेलेला वेळ. अमेरिकेने 2019 सालचा असा हिशोब केला तर थेट आर्थिक नुकसान निघालं 340 अब्ज डॉलर, आणि गेलेल्या किंवा अधू झालेल्या आयुष्याची किंमत धरली तर 1.37 लाख कोटी डॉलर. यातला साधारण तीन चतुर्थांश आर्थिक भार अशा लोकांवर पडला ज्यांचा त्या अपघातांशी थेट काही संबंध नव्हता, प्रीमियममधून, टॅक्समधून, ट्रॅफिकमधे बसून. 'मी नीट चालवतो मला काय' म्हणणारा पण यात आलाच.

जगाचं बघायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मधे रस्त्यावर 11.9 लाख माणसं गेली, आणि बहुतेक देशांचं यात जीडीपीच्या 3 टक्क्यांच्या आसपास नुकसान होतं. 5 ते 29 वयात मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण हेच आहे, त्यामुळे कमावण्याची अख्खी वर्षं बुडतात आणि आकडा फुगतो.

जिवाची किंमत लावतात कशी, हे ऐकायला विचित्र वाटतं पण पद्धत सरळ आहे. एक लाख लोकांना विचारा, तुमचा मरणाचा धोका लाखात एकने कमी होणार असेल तर किती द्याल? प्रत्येकजण 100 डॉलर म्हणाला तर एक जीव वाचवायला त्या सगळ्यांनी मिळून 1 कोटी डॉलर काढले. कोणा एकाच्या डोक्यावर चिकटवलेली किंमत नाहीये ती. अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा आकडा आता 1 कोटीच्या वरच आहे. एवढी किंमत एकदा मान्य केली की चौक खोदून गोल सर्कल बांधणं महाग वाटत नाही, कारण चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना भिडू शकतात आणि एका लेनच्या सर्कलमधे 8 ठिकाणी, शिवाय सगळे हळू होतात आणि धडक बसली तरी समोरासमोर न बसता तिरकी बसते. स्वीडनने 1997 मधे हेच धोरण म्हणून संसदेत मान्य केलं, की माणूस चुकणारच हे धरून रस्ता बांधायचा.

फक्त कुठला चौक खोदायचा हे ठरवायला आकडे लागतात आणि तिथेच गोची आहे. अमेरिकेतल्याच अंदाजानुसार फक्त गाड्यांचं नुकसान झालेले 60 टक्के अपघात आणि जखमी झालेले 32 टक्के अपघात पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. लोक खाली उतरतात, बंपर बघतात, आपसात मिटवतात. त्यामुळे जिथे रोज थोडक्यात वाचतंय असं ठिकाण कागदावर वर्षानुवर्षं स्वच्छ दिसू शकतं. म्हणून पोलिसांची नोंद हॉस्पिटलच्या आणि अॅम्ब्युलन्सच्या नोंदीशी जुळवून बघायचं काम तिथल्या काही राज्यांनी केलंय. ते काम किचकट आहे, नावं जुळत नाहीत, तारखा एक दिवस मागेपुढे असतात, पण पोलिसांच्या वहीत नसलेले जखमी त्यातूनच सापडतात.