वाङ्मयचौर्य-प्रतिबंध, महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील

दुसऱ्याचे लेखन, कल्पना, आकडेवारी, आकृती किंवा संगणकीय आज्ञावली मूळ कर्त्याचा उल्लेख न करता स्वतःची म्हणून सादर करणे याला वाङ्मयचौर्य म्हणतात. मराठीत यासाठी ‘उचलेगिरी’ हा शब्दही रूढ आहे. स्वामित्वहक्काचा भंग ही यापेक्षा वेगळी, कायद्याच्या कक्षेतील बाब होय. हक्काची मुदत संपलेल्या जुन्या पुस्तकातील परिच्छेद कोणालाही छापता येतो, परंतु तो स्वतःच्या नावावर खपवला तर ते वाङ्मयचौर्यच ठरते.

भारतातील उच्च शिक्षणसंस्थांना याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा होत नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित लेखन द्यावे लागते, ४० ते ६० टक्के असल्यास सुधारित लेखन सादर करण्यास एक वर्ष मनाई होते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण सूत्रे आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणे या मोजणीत धरली जात नाहीत. सर्वसामान्य ज्ञानातील किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दही वगळले जातात.

मात्र या विनियमांची व्याप्ती बारकाईने वाचली पाहिजे. पदव्युत्तर व संशोधन पदवीसाठीचे प्रबंध, शोधनिबंध आणि पुस्तके त्यांत येतात. असाइनमेंट, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. परीक्षागृहातील कॉपीसाठी महाराष्ट्रात १९८२ चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे. पदवीचा विद्यार्थी वर्षभर जे प्रत्यक्ष लिहितो, ते बहुतेक सारे या दोन्हींच्या मध्ये पडते आणि त्याला शिक्षकाने किंवा महाविद्यालयाने घालून दिलेल्या नियमांखेरीज दुसरा आधार उरत नाही. म्हणूनच पहिल्या तासाला सांगितलेले नियम विद्यार्थ्याला खरोखर कळले की नाही, या प्रश्नाला एवढे महत्त्व आहे.

नियम न कळण्याची मुळे शालेय सवयींत आहेत. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेणे, मार्गदर्शकातील उत्तर पाठ करून तेच शब्द उत्तरपत्रिकेत लिहिणे, यालाच दहावी-बारावीपर्यंत मेहनत मानले जाते आणि त्याला गुणही मिळतात. पुढे महाविद्यालयात ‘सबमिशन’च्या आदल्या रात्री मित्राची फाईल ‘छापणे’ ही त्याच सवयीची पुढची पायरी ठरते. अभियांत्रिकीत काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंग शीट गिरवण्याला ‘जीटी’ (ग्लास ट्रेसिंग) असे नावच पडले आहे, तर मुंबईत वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या बांधीव प्रकल्प अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात आणि मागील तुकडीचे ब्लॅक बुक हाताशी ठेवूनच पुष्कळदा नवे लिहायला घेतले जाते. यांतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात फसवणुकीचा हेतू नसतो, आणि अशा विद्यार्थ्यांना केवळ शिक्षेची भीती घालणे अन्यायाचे आहे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. जे बारा वर्षे शिकवले, ते आता चूक का, हे आधी सांगायला हवे.

‘उचलेगिरी केल्यास शून्य गुण’ एवढी एक ओळ नियम म्हणून पुरत नाही. एकत्र बसून चर्चा करणे चालेल, पण लेखन प्रत्येकाने वेगळे करायचे का. गटाच्या प्रकल्पात कोणी काय केले ते नोंदवायचे का. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून मुद्दे, भाषासुधारणा की संपूर्ण मजकूर घेता येईल आणि घेतल्यास ते कोठे लिहायचे. स्वतःचेच जुने काम पुन्हा देता येईल का, हे त्यात स्वच्छ असावे लागते. नियमपत्रिका नुसती वाटण्याऐवजी पहिल्या आठवड्यात तिच्यावर पाच-सहा प्रश्नांची छोटी चाचणी घेतली, तर कोणता नियम कोणाला कळलेला नाही ते लगेच दिसते.

सर्वांत जास्त गोंधळ ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ या सूचनेचा होतो. समजा, मूळ वाक्य असे आहे : ‘कोरडवाहू शेती पावसाच्या लहरीवर अवलंबून असल्यामुळे तेथील शेतकरी कर्जात अडकतो.’ विद्यार्थी लिहितो : ‘जिरायती शेती पर्जन्याच्या लहरीवर विसंबून असल्याने तिथला शेतकरी कर्जबाजारी होतो.’ बहुतेक शब्द बदलले, परंतु वाक्याची घडण आणि विचाराचा क्रम मूळचाच राहिला, श्रेयही दिले नाही. हे वाङ्मयचौर्य आहे. मूळ पान मिटवून, आपल्याला काय समजले ते लिहून, शेवटी लेखकाचे नाव, वर्ष व पृष्ठ नोंदवणे ही रीत वर्गात एकदा सर्वांकडून करवून घेतली, तर तासभराच्या व्याख्यानापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो. शब्द जसेच्या तसे हवे असतील, तर अवतरणचिन्हे आणि संदर्भ दोन्ही लागतात.

साम्य शोधणाऱ्या संगणकप्रणाली सहायक आहेत; त्या जुळणारे शब्द दाखवतात, चोरी झाली की नाही ते ठरवत नाहीत. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना संगणकजालाने जोडणाऱ्या, गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ उपक्रमाखाली विद्यापीठांना अशी प्रणाली पुरवली जाते. मराठी लेखनाच्या बाबतीत तिची मर्यादा आणखी जाणवते. इंग्रजी लेखाचे मराठी भाषांतर करून दिलेला मजकूर शब्दांच्या तुलनेत सहज निसटतो, आणि युनिकोड ही अक्षरांची प्रमाण संगणकीय संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी त्याची चिन्हे वेगळीच असतात, त्यामुळे युनिकोडमधील मूळ लेखाशी तो जुळत नाही. अशा ठिकाणी कच्चा आराखडा, टिपणे आणि पहिला खर्डा टप्प्याटप्प्याने मागून घेणे, आणि शेवटी दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत ‘हा निष्कर्ष तुम्ही कशावरून काढला?’ असे विचारणे, हाच शिक्षकाच्या हातातील भरवशाचा मार्ग उरतो. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात तो वेळखाऊ ठरतो, म्हणून काही शिक्षक चिठ्ठ्या टाकून निवडक विद्यार्थ्यांनाच बोलावतात आणि तसे होणार हे सत्राच्या पहिल्या दिवशीच जाहीर करतात.