नवे शेजारी (कौटुंबिक विनोदी मालिकांतील कथासूत्र)

शेजारच्या घरात नवे कुटुंब राहायला येते, त्यातल्या मुलावर किंवा मुलीवर या घरातल्या एका भावंडाचे मन जडते आणि बाकीची भावंडे त्यात नाक खुपसतात. दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांतले हे जुने आणि हुकमी कथासूत्र. वरवर ही प्रेमकथा दिसते, पण खरे नाट्य भावंडांमध्ये घडते. कोणाला काय कळले, कोणी ते पोटात ठेवले आणि कोणी आईबाबांच्या कानावर घातले, यावर भाग पुढे सरकतो.

प्रेमपात्र शेजारीच का, याचे एक कारण चित्रीकरणात आहे. ‘आय लव्ह ल्यूसी’ (१९५१–५७) या मालिकेने प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करण्याची पद्धत रुळवली. त्या पद्धतीत दिवाणखान्यासारखे मोजके सेट असतात आणि पात्रांना तिथे यायला निमित्त लागते. शेजाऱ्याला ते शोधावे लागत नाही. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते: शेजाऱ्याशी बिनसले तरी तो उद्या सकाळी फाटकापाशी दिसणारच. त्यामुळे लाज, रुसवा, समेट सगळे घराच्या दारातच निभवावे लागते.

भावंडांच्या भूमिका बहुधा ठरलेल्या असतात. थोरले राखण करते, मधले चिडवते आणि धाकटे निरागसपणे सगळे सांगून टाकते. यात धाकट्याचे बोलणे सर्वांत प्रभावी ठरते, कारण त्यात दुष्टावा नसतो आणि रागावलेल्या भावंडाला धड रागावताही येत नाही. दोन भावंडे एकाच शेजाऱ्यावर भाळतात तेव्हा लेखकाची कसोटी लागते. शेजारी मुळातच वाईट निघाला असे दाखवून दोघांना एकत्र आणणे ही पळवाट आहे. एकाने माघार घ्यावी आणि त्याचे दुखणे प्रेक्षकाला दिसावे, तरच तो भाग लक्षात राहतो.

या सूत्राची सर्वांत हळवी हाताळणी ‘द वंडर इयर्स’मध्ये (१९८८–९३) आढळते. १९६८ साली घडणाऱ्या पहिल्याच भागात वेन आपल्या धाकट्या भावाला, केविनला, समोरच राहणाऱ्या विनीवरून चारचौघांत चिडवतो. त्याच दिवशी विनीचा थोरला भाऊ व्हिएतनाम युद्धात मारला गेल्याची बातमी येते. केविन आणि विनीचे पहिले चुंबन त्या दुःखातून घडते. एका घरात भावाचा जाच, दुसऱ्या घरात भाऊच नाही, ही जोडी फार विचाराने रचलेली आहे. विनी शेजारी म्हणून नवी नाही, पण केविनला ती नव्याने दिसते.

‘फॅमिली मॅटर्स’ (१९८९–९८) हे दुसरे टोक. विन्सलो कुटुंबातल्या लॉरावर प्रेम करणारा शेजारचा स्टीव्ह अर्कल एका भागापुरता लिहिला होता. प्रेक्षकांना तो इतका आवडला, की पुढे मालिका त्याच्याभोवतीच फिरू लागली. लॉरा वर्षानुवर्षे त्याला झिडकारत राहिली आणि शेवटच्या पर्वात तिने त्याच्याशीच लग्न ठरवले.