फिअल्टी आणि होमेज : दोन्हीला ‘निष्ठा’ म्हणून भागत नाही

मध्ययुगीन युरोपवरची कुठलीही सिरीज सबटायटल्स लावून बघा, सरदार राजासमोर गुडघे टेकतो तेव्हा इंग्रजीत कधी फिअल्टी येतं कधी होमेज येतं, आणि मराठीत सांगायची वेळ आली की आपण दोन्हीला ‘निष्ठा’ म्हणून मोकळे होतो. मला हे बरेच दिवस खटकत होतं, कारण हे मुळात दोन वेगळे विधी आहेत, फक्त बहुतेक वेळा एकाच दिवशी एकामागून एक व्हायचे म्हणून एकच वाटतात.

होमेजचं मूळ लॅटिन ‘होमो’ म्हणजे माणूस, त्यावरून फ्रेंच ‘ऑम’ आणि पुढे होमेज. म्हणजे कोणाचा तरी माणूस होणं. आपल्याकडे ‘तो साहेबांचा माणूस आहे’ म्हणतात ना, अगदी तसंच, फक्त तिथे ते चारचौघांत, विधी करून व्हायचं. डोकं उघडं, कमरेला तलवार नाही, गुडघ्यावर बसायचं, दोन्ही हात जोडून पुढे करायचे, धन्याने ते आपल्या दोन्ही हातांत धरायचे आणि आपण म्हणायचं, मी तुमचा माणूस झालो.

फिअल्टी आली ती लॅटिन ‘फिदेस’वरून, म्हणजे विश्वास. त्याचं फिदेलितास झालं, जुन्या फ्रेंचमध्ये बोलता बोलता मधला द गळाला आणि तेच रूप इंग्रजीत गेलं. आपण कोर्टात करतो ते ॲफिडेव्हिट पण याच फिदेसच्या घरातलं. मराठीत याला निष्ठेपेक्षा ‘इमान’ जास्त जवळचा वाटतो मला, कारण तो शब्दही मूळ अरबीत श्रद्धा, विश्वास याच अर्थाचा. इथे हात धन्याच्या हातात नाही, बायबलवर किंवा संतांच्या अवशेषांवर ठेवायचा आणि इमान राखीन अशी शपथ घ्यायची.

(‘फ्यूडल’ म्हणजे सरंजामी, हा शब्द मात्र फिदेसवरून नाही हां, कानाला सारखं वाटलं तरी. बहुतेक भाषातज्ज्ञ ते गुरंढोरं, मालमत्ता अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दाकडे नेतात, आणि त्या शब्दाचा संस्कृतातला भाऊ म्हणजे आपला ‘पशु’.)

दोन्ही विधी शेजारी शेजारी बघायचे तर फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, जावं लागतं. मार्च 1127 मध्ये तिथला काउंट, म्हणजे त्या प्रांताचा धनी, चार्ल्स ब्रुज शहरातल्या चर्चमध्ये प्रार्थना करत असताना मारला गेला, नवीन काउंट आला विल्यम क्लिटो, आणि एप्रिलमध्ये सगळे सरदार त्याच्यापुढे आले, ते सगळं गॅल्बर्ट नावाच्या ब्रुजच्याच कारकुनाने लिहून ठेवलंय. काउंट विचारतो, पूर्णपणे माझा माणूस व्हायचंय का? समोरचा म्हणतो, व्हायचंय. मग हातात हात, मग चुंबन. हे झालं होमेज. त्यानंतर तोंडी वचन, आणि मग अवशेषांवर शपथ, ही फिअल्टी. शेवटी काउंट हातातल्या काठीने जमिनीचा हक्क देतो. एवढं स्वच्छ वर्णन वाचल्यावर दोघांना एकच शब्द वापरायला मन होत नाही.

इंग्लंडच्या कायद्यातही फरक जपलेला होता. 15व्या शतकातला न्यायाधीश लिटलटन सांगतो की फिअल्टीला गुडघे टेकायची गरज नाही आणि धन्याचा कारभारीसुद्धा ती घेऊ शकतो, होमेज मात्र खुद्द धन्यानेच घ्यायचं. ते बरोबरच आहे, शपथ कोणासमोरही घेता येते पण माणूस व्हायचं तर ज्याचं व्हायचं तो समोर हवा.

आणि हा नुसता शब्दांचा कीस नव्हता, यावरून राज्यं भांडलीयत. इंग्लंडचा राजा फ्रान्समधल्या आपल्या जमिनींसाठी फ्रान्सच्या राजाचा माणूस असायचा, म्हणून 1329 मध्ये 16 वर्षांचा तिसरा एडवर्ड आमियाँला जाऊन सहाव्या फिलिपपुढे होमेज करून आला. पण ते साधं होतं, ‘लीज’ नव्हतं. त्या काळी एक सरदार तीन-चार धन्यांकडून जमिनी घ्यायचा, मग धनीच एकमेकांत लढले तर जायचं कोणाकडे? ज्याचं लीज होमेज केलंय त्याच्याकडे, तो बाकी सगळ्यांच्या आधी. फिलिपला तेच हवं होतं, 1331 मध्ये एडवर्डने ते लेखी मान्य केलं, तरी कुरबुर थांबली नाही, 1337 मध्ये फिलिपने जमीनच जप्त केली आणि शंभर वर्षांचं युद्ध सुरू झालं.

जमिनीबरोबर येणारं होमेज इंग्लंडमध्ये 1660 च्या कायद्याने संपलं, राज्याभिषेकात मात्र राहिलं. 1953 मध्ये राणी एलिझाबेथच्या वेळी बिशपांनी केली ती फिअल्टी आणि तिचा नवरा प्रिन्स फिलिपने गुडघ्यावर बसून हात तिच्या हातांत देऊन केलं ते होमेज. बिशपांचं वेगळं का, तर धर्मगुरू आधीच देवाचा माणूस, त्याने दुसऱ्या कोणाला ‘मी तुमचा माणूस झालो’ म्हणू नये असं लिटलटननेच लिहून ठेवलंय. 2023 ला राजा चार्ल्सपुढे त्याचा मुलगा विल्यम बसला तेव्हाही ‘तुमचा लीज माणूस’ हे शब्द होतेच, पण प्रिन्स फिलिपच्या शपथेतलं ‘(तुमचा माणूस) होतो’ हे क्रियापद जाऊन तिथे ‘निष्ठा वाहतो’ आलं होतं.