निवडणुकीचा गुलाल आणि धुराचा भाव

2024 च्या नोव्हेंबरात आमच्या वणी-कोरपना पट्ट्यात घरोघरी सोयाबीनची पोती रचून होती. हमीभाव 4892 रुपये क्विंटल, बाजारात त्याहून कमी. 20 तारखेला विधानसभेचं मतदान. "निकाल लागू दे ना भाऊ, मंग पाहू," म्हणत जो तो थांबलेला. दाणा तोच, पोतं तेच. भाव मात्र दूर कुठेतरी ठरणार.

त्याच महिन्याच्या 5 तारखेला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातही मतदान होतं. (राजधानी नव्हे; सिएटल शहर ज्यात आहे ते, पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य.) तिथेही काही जण भावाकडे डोळे लावून होते. त्यांचा माल होता कार्बनचे परवाने.

हा बाजार असा. यंदा राज्यातल्या ठरावीक मोठ्या उद्योगांतून एकूण किती टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू द्यायचा, ते सरकार आधी ठरवतं. तेवढेच परवाने काढतं, त्यातल्या बऱ्याच परवान्यांचा लिलाव करतं आणि दरवर्षी त्यांची संख्या घटवत नेतं. एका टनाला एक परवाना. कोळशावर एक युनिट वीज काढली की अंदाजे किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; म्हणजे असा नियम चंद्रपूरला असता, तर हजारेक युनिटांमागे एक परवाना लागला असता.

सोयाबीनचं निदान तेल निघतं, ढेप होते. परवान्याला कायद्याबाहेर काडीची किंमत नाही. शिवाय उरलेला परवाना पुढच्या वर्षांसाठी ठेवता येतो, त्यामुळे त्याच्या आजच्या भावात उद्याच्या सरकारचा अंदाज मिसळलेला असतो. वॉशिंग्टनमध्ये ऑगस्ट 2023 च्या लिलावात परवाना 63 डॉलरला गेला. पुढे हा कायदाच रद्द करावा का, हा प्रश्न मतपत्रिकेवर येणार हे पक्कं झालं, आणि मार्च 2024 मध्ये भाव 26 डॉलरच्या आत घसरला. कारखाने तेच, त्यांचा धूरही तोच. नोव्हेंबरात सुमारे 62 टक्के मतदारांनी कायदा राखला आणि डिसेंबरच्या लिलावात भाव पुन्हा 40 डॉलरच्या वर गेला.

सगळीकडे असं निभावत नाही. ईशान्य अमेरिकेतल्या राज्यांचा वीज केंद्रांसाठी 2009 पासून सामाईक बाजार आहे. न्यू जर्सी 2011 अखेर त्यातून बाहेर पडलं, गव्हर्नर बदलल्यावर 2020 मध्ये परत आलं. (तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात, आपल्या राज्यपालांशी गल्लत नको.) व्हर्जिनिया 2021 मध्ये आत, 2023 अखेर बाहेर. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने जानेवारी 2018 मध्ये आपला बाजार कॅलिफोर्निया आणि क्युबेकशी जोडला; जूनमध्ये सत्ता पालटली आणि जुलैत बाजारच मोडीत निघाला. अशा ठिकाणी वीस वर्षं चालायचं यंत्र कोणता कारखानदार बसवेल?

आपल्याकडे कार्बन बाजाराची योजना 2023 मध्ये आली, ती केंद्राची. गडचांदूरकडचं सिमेंट, बल्लारपूरचा कागद हे उद्योग तिच्या कक्षेत येतात. त्यात एकूण धुरावर मर्यादा नाही, टनभर मालामागे किती यावर आहे. कोळशाची वीज केंद्रं अजून बाहेरच. योजना केंद्राची, त्यामुळे विधानसभेच्या निकालाने या बाजारातला भाव फारसा हलू नये.

विधानसभेची निवडणूक हलवते ती शेतीची वीज. 2024 मध्ये मतदानाच्या काही महिने आधी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. बिलच येणार नसेल तर मोटार वेळेत बंद करायला कोण उठतं? दुसरीकडे गावचे फीडर, म्हणजे शेतीला वीज आणणाऱ्या लाइनी, सौरऊर्जेवर नेण्याची योजना आहे आणि ती लोकांना मनापासून हवी आहे. कार्बनसाठी नव्हे. रात्रीच्या पाळीत ओलिताला गेलं की रानडुक्कर, साप, चंद्रपूरकडे तर वाघ. दिवसा लाईन मिळणं ही इथे जिवाची गोष्ट आहे. वॉशिंग्टनच्या सरकारनेही मतदानाआधी परवान्यांच्या पैशातून कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांना वीजबिलात 200 डॉलरची सूट दिली होती. विरोधक चिडले, पण ती सूट लोकांच्या बिलावर दिसत होती.

आपल्या मोफत विजेची मुदत मार्च 2029 पर्यंत आहे. विधानसभेची पुढची निवडणूक त्याच वर्षी.