नव्या फिल्मची काच चार दिवस खाली का करायची नाही

पूर्वी तालुक्याच्या ठिकाणी दिसणाऱ्या जुन्या जीपच्या जांभळट काचा आठवतात? ती गाडीच्या काचेवर आतून चिकटवलेली रंगवलेली पॉलिएस्टर फिल्म, म्हणजेच सनफिल्म. उन्हाने तिचा रंग उडतो, तोही सगळा एकदम नाही, म्हणून मागे जांभळी छटा राहते. मूळ सनफिल्मचं पेटंट अमेरिकेत थ्रीएम कंपनीला १९६६ साली मिळालं. पुढे धातूचा थर दिलेली आणि मग सिरॅमिक फिल्म आली. रंग टिकू लागला. लावायची रीत मात्र तीच राहिली: काचेवर साबणाचं पाणी मारायचं, फिल्म सरकवून बसवायची आणि रबरी पट्टीने पाणी रेटून काढायचं.

सगळं पाणी निघत नाही. उरलेलं फिल्ममधून हळूहळू उडून जातं आणि तोवर गोंद कच्चाच असतो. म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तीन-चार दिवस, तर पावसाळ्यात किंवा थंडीत आठवडाभर काच खाली करायची नाही. केली तर बीडिंगमध्ये, म्हणजे काच सरकते त्या कडेच्या पट्टीत, फिल्मची कडा अडकून सोलते. धुरकटपणा आणि पाण्याचे बारीक फुगे तीन-चार आठवड्यांत जातात. सुईने टोचू नयेत. टोकदार कणाभोवतीचा फुगा मात्र जात नाही. तो कण फुफाट्याचा, नाहीतर जिनिंगजवळच्या दुकानात उडालेल्या रुईचा. तिथे फिल्म बदलूनच घ्यावी.

महिनाभर आतून पुसू नये. नंतरही अमोनियाचा क्लीनर नको. पातळ साबणपाणी आणि मऊ कापड पुरे. काळ्या मातीची धूळ बीडिंगच्या फेल्टमध्ये (लोकरीसारख्या अस्तरात) बसली की काच वर-खाली करताना फिल्मवर उभे ओरखडे येतात. फेल्ट ब्रशने झाडत राहावं.

कायद्याचाही फेरा झाला. १९८९च्या नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून ७० आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड यायला हवा, असं होतं. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून चिकटवलेली फिल्मच, मग ती कितीही फिकी असो, बंद केली. १ एप्रिल २०२१ पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला (आतून प्लास्टिकचा थर दिलेली काचही त्यात येते) आणि त्याच आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ७०-५०च्या मर्यादेतली फिल्म चालते असं म्हटलं.

ही मर्यादा काच आणि फिल्म मिळून मोजायची, आणि हिशेब गुणाकाराचा आहे. काचेतून मुळात ७५ टक्के उजेड येत असेल आणि ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर ५२च उरतो. ‘५० टक्क्यांची’ म्हणून विकलेली फिल्म त्याच काचेवर ३८वर येते.