काप्रालोव्हा, व्हीत्येझस्लाव्हा

(२४ जानेवारी १९१५–१६ जून १९४०). चेक संगीतरचनाकार, पियानोवादक व वाद्यवृंदसंचालक. जन्म मोराव्हियातील ब्रनो येथे. वडील वात्स्लाव काप्राल हे विख्यात चेक रचनाकार यानाचेक यांचे शिष्य व स्वतः रचनाकार, आई गायिका. (आडनावातील ‘-ओव्हा’ हा चेक भाषेतील स्त्रीवाचक प्रत्यय होय.) नवव्या वर्षाच्या सुमारास त्या पियानोसाठी छोट्या रचना करू लागल्या. शिक्षण ब्रनोच्या (१९३०–३५) व पुढे प्रागच्या संगीतविद्यालयात. प्रागला रचनेसाठी चेक रचनाकार नोव्हाक व संचालनासाठी चेक वाद्यवृंदसंचालक तालिख हे गुरू लाभले. ऑक्टोबर १९३७ पासून वास्तव्य मुख्यतः पॅरिसमध्ये.

‘मार्टिनू (पॅरिसमध्ये स्थायिक झालेले चेक रचनाकार) यांची शिष्या’ अशी त्यांची ओळख रूढ आहे. ती अपुरी वाटते. पॅरिसमध्ये त्यांनी मार्टिनूंकडे धडे घेतले आणि दोघांचा निकटचा स्नेह जडला, हे खरे. काही उत्तरकालीन रचनांवर मार्टिनूंचा हातही फिरला आहे. तथापि स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना, १९३५–३६), पियानोसाठीची चार एप्रिल प्रेल्यूड्स (लघुरचना, १९३७) आणि सैनिकी सिंफोनिएटा (छोटी सिंफनी, १९३७) या कृती पॅरिसला जाण्यापूर्वीच्या आहेत. त्यांतील धारदार लय व रंगतदार स्वरसंवाद पाहता त्यांची शैली तोवर बऱ्याच अंशी घडली होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. सिंफोनिएटाचा पहिला प्रयोग २६ नोव्हेंबर १९३७ रोजी प्राग येथे चेक फिलहार्मोनिकने केला, तर १७ जून १९३८ रोजी लंडनच्या आंतरराष्ट्रीय समकालीन संगीत महोत्सवात बीबीसीच्या वाद्यवृंदाने. दोन्ही वेळी संचालन त्यांचेच होते.

पियानो हे त्यांचे जिव्हाळ्याचे वाद्य. पॅरिसमधील सेंत-एत्येन-द्यू-माँ चर्चच्या घंटानादावर बेतलेल्या व्हेरिएशन्समध्ये (एकाच सुरावटीची बदलती रूपे मांडणारी रचना, १९३८) घंटेचा मूळ नाद पियानोच्या वेगवेगळ्या पट्ट्यांतून, दर वेळी नव्या रूपात उमटतो. गीतांपैकी चेक कवी नेझ्व्हाल यांच्या कवितेवरील निरोपाचे गीत विशेष प्रसिद्ध.

एप्रिल १९४० मध्ये त्यांनी लेखक यिर्झी मुखा यांच्याशी विवाह केला. जर्मन सैन्य पॅरिसजवळ येऊ लागल्यावर त्यांना दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे हलवण्यात आले. तेथेच पंचविसाव्या वर्षी त्या निवर्तल्या. मृत्यूचे कारण मिलिअरी क्षय (शरीरभर पसरणारा क्षयरोग) असे बहुतेक कोशांत आढळते. अलीकडे विषमज्वराची शक्यताही मांडली गेली आहे. ती लक्षणांवरून बांधलेल्या तर्कावर आधारलेली असल्याने जुने निदान तूर्त बाजूला सारता येत नाही. १९४९ मध्ये त्यांचे अवशेष ब्रनोला नेण्यात आले. व्हायोलिन, क्लॅरिनेट व वाद्यवृंदासाठीचा अपूर्ण कंचेर्तीनो (छोटा कंचेर्तो, म्हणजे एकल वाद्ये व वाद्यवृंद यांची रचना) पुढे चेक रचनाकार फाल्टुस व श्टेद्रोन्य यांनी पुरा केला.